108 चा एक कॉल, पाच जण, पंधरा मिनिटं: आपत्कालीन वैद्यकीय सेवेतील करिअरवर गटाचं सादरीकरण

हा विषय मिळाला की बहुतेक गट त्याची वाटणी प्रस्तावना, पात्रता, कामाचं स्वरूप, पगार आणि निष्कर्ष अशी करतात. मग एकाचा दुसऱ्याशी संबंध राहत नाही आणि पगाराची स्लाइड येईपर्यंत वर्ग कंटाळलेला असतो. त्यापेक्षा एकच कॉल घ्या आणि तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत न्या. उदाहरणार्थ, रात्री नऊ वाजता घाटात मोटारसायकल घसरली, तरुणाच्या मांडीचं हाड मोडलंय, तो शुद्धीवर आहे. या कॉलमध्ये जो जो माणूस काम करतो, त्या प्रत्येकाची खुर्ची गटातल्या एकाने घ्यायची.

पहिला बोलेल नियंत्रण कक्षाबद्दल. महाराष्ट्रात 108 चे, म्हणजे रुग्णवाहिकेसाठीच्या क्रमांकाचे, कॉल पुण्यातल्या केंद्रात घेतले जातात. घाटातून फोन करणाऱ्याला नेमकी जागा सांगता येत नाही, म्हणून जवळचा फाटा, मंदिर, पेट्रोल पंप विचारून घेणं हेच इथलं मोठं कौशल्य. दुसरा पायलटबद्दल बोलेल. रुग्णवाहिकेच्या चालकाला या सेवेत पायलट म्हणतात. तिसरा गाडीतल्या डॉक्टरबद्दल, चौथा रुग्णालयातल्या कॅज्युअल्टीबद्दल, म्हणजे तातडीच्या विभागाबद्दल, आणि पाचवा या चारही खुर्च्यांपर्यंत पोचायचं कसं, त्याबद्दल.

सगळ्यात जास्त चुका तिसऱ्या भागात होतात. इंटरनेटवर तयार मिळणाऱ्या स्लाइड अमेरिकेतल्या असतात: 911 (तिथला आपत्कालीन क्रमांक), ईएमटी (इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन, म्हणजे डॉक्टर नसलेला प्रशिक्षित कर्मचारी), पॅरामेडिक (त्याहून जास्त प्रशिक्षण घेतलेला). त्या जशाच्या तशा उचलल्या की सादरीकरण इथल्या वास्तवापासून तुटतं. महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी 2014 मध्ये 937 रुग्णवाहिकांनी सुरू झाली. त्यातल्या 233 एएलएस म्हणजे व्हेंटिलेटरसह प्रगत सोयीच्या आणि 704 बीएलएस म्हणजे मूलभूत सोयीच्या होत्या. इथल्या गाडीत डॉक्टर असतो, आणि तो बहुतेक वेळा बीएएमएस (आयुर्वेद) किंवा बीएचएमएस (होमिओपॅथी) झालेला असतो. इतर अनेक राज्यांत ती जागा ईएमटीची आहे. हा फरक एका स्लाइडवर स्वच्छ मांडा, कारण बारावीनंतर कोणता रस्ता धरायचा ते त्यावरच ठरतं. 108, गरोदर माता आणि अर्भकांसाठीची 102 आणि पोलीस-अग्निशमनासह सगळ्यांसाठीचा 112 यांचीही गल्लत होऊ देऊ नका.

पाचव्याकडे तीन रस्ते हवेत. पहिला नीटमधून एमबीबीएस आणि पुढे इमर्जन्सी मेडिसिनमध्ये एमडी; ही शाखा भारतात 2009 मध्ये स्वतंत्र विषय म्हणून मान्य झाली. दुसरा बीएएमएस-बीएचएमएसवरून रुग्णवाहिकेकडे. तिसरा पॅरामेडिकल पदवी-पदविका. या तिसऱ्या क्षेत्रासाठी 2021 चा राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला असून नियम बदलत आहेत, त्यामुळे प्रवेशाची अट जुन्या ब्लॉगवरून घेऊ नका, विद्यापीठाचं चालू वर्षाचं माहितीपत्रक बघा. पगाराचा आकडा द्यायचा तर जाहिरात आणि तिची तारीख स्लाइडवरच लिहा.

माहितीसाठी 108 ला फोन करू नका. तुमच्या चौकशीने एका रुग्णाची लाइन अडते. रुग्णवाहिका बहुधा ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात उभी असते. प्राचार्यांच्या सहीचं पत्र घेऊन तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांची परवानगी घ्या. बोलता बोलता कॉल आला तर गाडी लगेच निघून जाते, म्हणून सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आधी विचारा. रुग्णाचा फोटो काढायचा नाही, चेहरा झाकूनही नाही. अपघाताचे रक्ताळलेले फोटोही नकोत. वर्गात कुणाला तरी घेरी येते.

प्रात्यक्षिक एकच ठेवा आणि ते आपल्या कॉलमधलंच असू द्या: डॉक्टर रुग्ण कॅज्युअल्टीत सोपवतो तो क्षण. काय घडलं, कुठे लागलं, नाडी-बीपी-ऑक्सिजन-शुद्धी कशी, वाटेत काय दिलं, या क्रमाने अर्ध्या मिनिटात. 'मोटारसायकल घसरली, साधारण चाळीस मिनिटांपूर्वी. उजवी मांडी मोडलीय, डोक्याला मार नाही. नाडी 110, बीपी 100/60, ऑक्सिजन 97, शुद्धीत. स्प्लिंट लावलाय, सलाइन चालू.' नाडी का वाढते आणि बीपी का उतरतं, हे चौथ्याने लगेच समजावावं: मांडीच्या हाडाभोवती बाहेर न दिसणारा मोठा रक्तस्राव होऊ शकतो.

सीपीआर (हृदय थांबल्यावर छातीवर दाब देणं) दाखवायचाच असेल तर मॅनिकिनवर म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, नाही तर जमिनीवर ठेवलेल्या कडक उशीवर. मित्राच्या छातीवर कधीही नाही. बाकावर ठेवलं की खांदे हातांच्या वर येत नाहीत, कोपरं वाकतात आणि दाब पुरेसा जात नाही. मोठ्या माणसासाठी दाब 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120.

पंधरा मिनिटांत प्रश्नांना तीन ठेवली तर प्रत्येकाला जेमतेम अडीच मिनिटं उरतात, म्हणजे साधारण अडीचशे शब्द. पहिला माणूस हमखास जास्त वेळ घेतो आणि मार शेवटच्याला बसतो, म्हणून मोबाइलवर वेळ लावून दोनदा तालीम करा. स्लाइड दहाच्या वर नकोत. मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. कृतिदेवसारख्या फाँटमधलं मराठी दुसऱ्या संगणकावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतं. पेनड्राइव्हवर पीडीएफ प्रतही ठेवा.

'अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलिसांचा त्रास होतो का?' हा प्रश्न येतोच. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 134-अ चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही. याचं उत्तर पहिल्या वक्त्याने द्यावं, कारण कॉल करणाऱ्याची बाजू त्याच्याकडे आहे.