जपानमधल्या अमेरिकी तळावर बिऱ्हाड नेताना या चुका टाळा

योकोसुका असो, योकोता, इवाकुनी किंवा कडेना, तिथे पोहोचल्यावर जे अडतं त्याचं मूळ बहुधा निघण्याआधीच्या उलट्यासुलट्या क्रमात असतं. बदलीची ऑर्डर निघाली की सगळे खोकी भरायला धावतात. खरी घाई कुत्र्या-मांजरांची असते.

आधी लस, मग चिप

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जपानचा क्रम ठरलेला आहे. आधी आयएसओ मानकाची मायक्रोचिप, मग रेबीजची पहिली लस. जनावर किमान 91 दिवसांचं हवं. त्यानंतर निदान 30 दिवसांनी, पण पहिलीची मुदत संपण्याआधी दुसरी लस. मग एफएव्हीएन चाचणीसाठी, म्हणजे रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं मोजण्यासाठी, रक्त, तेही जपानने मान्य केलेल्याच प्रयोगशाळेत. निकाल प्रति मिलिलिटर 0.5 आययू (आंतरराष्ट्रीय एकक) किंवा जास्त हवा. चिप बसण्याआधी टोचलेली लस हिशेबात धरत नाहीत, मग ती कितीही ताजी असो.

पुढे 180 दिवस थांबायचं. हे दिवस रक्त काढल्यापासून मोजतात, निकाल हाती आल्यापासून नाही. म्हणजे पहिल्या लसीपासून विमानापर्यंत किमान सात महिने. ऑर्डर कागदावर येईपर्यंत थांबलात तर हे गणित जमत नाही; बदलीची कुणकुण लागली की चिप बसवून टाका. मधल्या काळात लसीची मुदत संपू देऊ नका. पोहोचण्याच्या किमान 40 दिवस आधी जपानच्या प्राणी विलगीकरण सेवेला आगाऊ सूचना द्यावी लागते. दिवस कमी भरले तर उरलेले विलगीकरणात काढावे लागतात. चिपचा आकडा प्रत्येक कागदावर अंक न् अंक जुळतोय ना, तेही पाहा; एक अंक चुकला की तपासणी तिथेच अडते. हवाई आणि ग्वामहून येणाऱ्यांना नियम वेगळे आहेत.

टूरिस्ट पासपोर्टवर उतरणं

कुटुंबाला प्रवासासाठी नो-फी पासपोर्ट, म्हणजे सरकारी कामाच्या प्रवासासाठी बिनशुल्क मिळणारा पासपोर्ट, लागतो, आणि सुटीत शेजारच्या देशात फिरायला साधा टूरिस्ट पासपोर्ट. दोन्ही हवेत. विमानतळावर घाईत साधा पासपोर्ट पुढे केला की तात्पुरत्या पर्यटकाचा शिक्का बसतो, आणि सोफा दर्जा (अमेरिकी सैन्य आणि त्यांच्या कुटुंबांसाठी जपानशी झालेल्या करारानुसार मिळणारा दर्जा) मिळवण्यासाठी नंतर खेटे घालावे लागतात. नो-फी पासपोर्ट आणि ऑर्डरची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. ऑर्डरवर कुटुंबाची नावं आणि कमांड स्पॉन्सरशिप (कुटुंबाला सोबत नेण्याची सैन्याची अधिकृत मंजुरी) आहे ना, हे तिकिटाआधी बघा.

औषधांची पिशवी

अॅम्फेटामीन असलेली औषधं, उदाहरणार्थ अॅडरॉल, डॉक्टरची चिठ्ठी असली तरी जपानी कायद्यात निषिद्ध आहेत. स्यूडोएफेड्रिन 10 टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधंही. टपालानेही मागवायची नाहीत. पर्यायी औषधाबद्दल डॉक्टरशी निघण्याच्या काही महिने आधीच बोला. ऐनवेळी बदललेलं औषध मुलांना मानवतंय की नाही, ते कळायला वेळ लागतो.

वीज: व्होल्टेज पाहिलं, हर्ट्झ विसरले

जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची असते. पण फ्रिक्वेन्सी दोन आहेत, आणि फुजी नदीच्या आसपास ती बदलते. मिसावा, योकोता, योकोसुका इथे 50 हर्ट्झ. इवाकुनी, सासेबो, ओकिनावा इथे 60. अमेरिकी उपकरणं 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची.

हीटर किंवा टोस्टर 100 व्होल्टवर चालतो, पण त्याची ताकद सुमारे 30 टक्के घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज वाढतं, हर्ट्झ बदलत नाही. त्यामुळे 50 हर्ट्झच्या भागात विजेच्या लाटांवर चालणारं घड्याळ तासाला 10 मिनिटं मागे पडतं, आणि फक्त 60 हर्ट्झसाठी बनलेला मायक्रोवेव्ह तापून बिघडू शकतो. चार्जरवर ‘100–240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ’ लिहिलं असेल तर काळजी नको. बाकी मोठी उपकरणं मागे ठेवा. तळावरच्या घरांतला पुरवठा वेगळा असू शकतो, म्हणून हाऊसिंग ऑफिसला आधी विचारा. तीन पिनांच्या प्लगला अडॅप्टर लागेल.

घर आणि भाडं

तळाबाहेर घर आवडलं म्हणून हाऊसिंग ऑफिसच्या मंजुरीआधी सही करू नका. ओएचए हा परदेशातला घरभाडे भत्ता प्रत्यक्ष भाड्यावर, ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत मिळतो. स्वस्त घर घेऊन उरलेले पैसे खिशात पडत नाहीत. रेइकिन म्हणजे मालकाला द्यायचं, परत न मिळणारं मानधन. शिकिकिन म्हणजे अनामत. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवा, कारण भत्त्याच्या नियमांत ते एक नाहीत.

गाडी

जुनी गाडी स्वस्त मिळाली म्हणून खूश होण्याआधी तिच्या जेसीआयची, म्हणजे जपानमधल्या सक्तीच्या वाहन तपासणीची, मुदत कधी संपते ते पाहा. दोन महिने उरले असतील तर तिचं नूतनीकरण तुमच्याच गळ्यात. तळाबाहेर राहणाऱ्यांना पार्किंगच्या जागेचा दाखलाही लागतो. रस्त्यावर लाल उलटा त्रिकोण म्हणजे पूर्ण थांबा, आणि रेल्वे फाटकापाशी फाटक उघडं असलं तरी गाडी थांबवायचीच. दारूची मर्यादा रक्तात 0.03 टक्के आहे, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या निम्म्याहूनही कमी.

पत्ता आणि फोन

एपीओ किंवा एफपीओ म्हणजे अमेरिकी सैन्याची टपाल कार्यालयं; त्या पत्त्यात ‘जपान’ लिहिलं की पार्सल नागरी आंतरराष्ट्रीय टपालात जातं आणि भटकत राहतं. नाव, पीएससी (तळावरचं टपाल केंद्र) आणि बॉक्स क्रमांक, एपीओ किंवा एफपीओ, ‘एपी’ (पॅसिफिक विभागाची खूण), झिप कोड, बस. बॉक्स क्रमांक प्रायोजकाकडून, म्हणजे नव्या तुकडीने तुमच्या मदतीला नेमलेल्या माणसाकडून, आधीच मिळवा. बँकेचे ओटीपी अमेरिकी नंबरवर येतात, म्हणून तो बंद करण्याआधी प्रत्येक बँकेत पडताळणीची दुसरी पद्धत सुरू करून घ्या. इंटरनेटवरचा आभासी नंबर काही बँका स्वीकारत नाहीत, ते तिकडे पोहोचून कळायला नको.