एआयकडून कोड लिहून घेताय? या चुका टाळा

सावदा-रावेर पट्ट्यात केळीचा हिशेब साधा असतो. माल कापला, गाडी भरली, काटा झाला, क्विंटलला भाव लागला, उचल वजा केली, उरलेले शेतकऱ्याच्या खात्यावर. एवढ्यासाठी सॉफ्टवेअर विकत कोण घेणार? म्हणून हल्ली घरातला एखादा पुतण्या चॅटजीपीटी किंवा क्लॉडला सांगून छोटा प्रोग्राम करून घेतो. करावाच. फक्त एक लक्षात ठेवा: बंद पडलेला प्रोग्राम लगेच कळतो, चालणारा पण चुकीचा आकडा देणारा दिवाळी उलटली तरी कळत नाही.

तारीख, आकडे आणि दोन पाटील

०५/०६/२०२५ म्हणजे आपल्याकडे ५ जून. पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली पांडास लायब्ररी (तक्ते हाताळणारा तयार कोड) वेगळे काही सांगितले नाही तर ती ६ मे धरते. गुगल शीटची लोकेल (देशाची सेटिंग) अमेरिकेची असेल तर तिथेही तेच, आणि २५/०६ ही तारीख मात्र नुसता मजकूर म्हणून पडून राहते. मग जूनची बेरीज कशी जुळणार?

आकड्यांचीही तीच तऱ्हा. कुणी वजन '१२५०' असे मराठी अंकांत टाइप केले, तर पायथनला ते समजते, जावास्क्रिप्ट या दुसऱ्या भाषेला समजत नाही. त्यात एआयने 'आकडा नसेल तर शून्य धर' अशी ओळ घातली असेल, तर त्या शेतकऱ्याचे साडेबारा क्विंटल गायब, आणि स्क्रीनवर एरर शून्य!

नावावरून खाती जुळवणे तर खानदेशात धोक्याचेच. एकाच गावात एकाच नावाचे दोन पाटील सहज निघतात. प्रत्येकाला खाते क्रमांक द्या.

तपासणीसाठी हाताने केलेल्या पाच-सहा जुन्या पावत्या घ्या. त्यात एक मराठी अंकांची, एक सारख्या नावाची, एक उचल रकमेपेक्षा जास्त असलेली हवी. उत्तर रुपया-पैशाला जुळेपर्यंत नवा हिशेब त्यात टाकू नका.

'ही एरर घालव' म्हणू नका

एरर चिकटवून 'घालव' म्हटले की एआय पुष्कळदा ती दाबून टाकतो: कोडमध्ये 'चूक आली तर पुढे जा' असे लिहितो आणि नडणाऱ्या ओळी गुपचूप गाळल्या जातात. त्याऐवजी 'कोणत्या ओळीवर, का आली ते आधी सांग' असे विचारा. शिवाय किती ओळी वाचल्या आणि किती गाळल्या, हे शेवटी छापायला लावा.

मूळ फाइल एआयच्या हाती देऊ नका

जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एआय एजंटने (कोड लिहून तो स्वतःच चालवणाऱ्या एआयने) जेसन लेमकिन या उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसला, तोही बदल करू नको असे बजावलेले असताना. वर माहिती परत आणता येणार नाही असे सांगितले. प्रत्यक्षात ती आणता आली. तेव्हा एजंटला फाइलची नक्कलच द्या आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढून ठेवा. 'सगळ्याला परवानगी' हे बटण तर दाबूच नका.

एआयने सुचवलेले पॅकेजही (इतरांनी लिहिलेला तयार कोड) डोळे मिटून टाकू नका. कधी कधी ते नाव त्याने मनानेच रचलेले असते, आणि त्याच नावाने कुणीतरी घातक पॅकेज चढवून ठेवू शकतो. आधी पायपीआय या पायथन पॅकेजांच्या साइटवर जाऊन ते कुणाचे, किती जुने, ते पाहा.

शेतकऱ्यांचे आधार, बँक खाते, मोबाइल नंबर चॅटमध्ये चिकटवायची गरज नसते. रकाने तेच ठेवून चार खोट्या ओळी दिल्या तरी कोड तसाच मिळतो. एसएमएस सेवेची एपीआय की (ती सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) कोडमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि ती फाइल गिटमधून (कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे साधन) वगळा. की चुकून गिटहबवर, म्हणजे गिटमधला कोड ठेवण्याच्या साइटवर, गेलीच, तर नुसती ओळ पुसून भागत नाही, जुन्या नोंदींत ती राहतेच. सेवेच्या पानावर जाऊन आधी ती की रद्द करा, नवी घ्या, आणि मग सावकाश बाकीची आवराआवर करा.