संस्थेच्या सुरक्षेसाठी सरकारी पैसा: पुण्यातल्या विश्वस्तांनी अर्ज कसा करावा

घरातली मारहाण सोडून आलेल्या बायकांचं आधारगृह, मुलांचं वसतिगृह, दुर्मीळ पोथ्या सांभाळणारी संशोधन संस्था, एखादं प्रार्थनास्थळ. अशा ठिकाणांना असलेला धोका खरा असतो. 5 जानेवारी 2004 रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत जमाव घुसला, पोथ्या-पुस्तकांची नासधूस झाली. तेव्हापासून ‘आमच्याकडे कोण कशाला येईल’ असं म्हणायची सोय पुण्यातल्या विश्वस्तांना उरलेली नाही.

अमेरिकेत यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र योजनाच आहे. दहशतवादी हल्ल्याचा धोका असलेल्या ना-नफा संस्थांना ती कॅमेरे, कुंपण, दरवाजे, प्रशिक्षण यांसाठी अनुदान देते. 2023 च्या फेरीत एका जागेसाठी कमाल 1,50,000 डॉलर मिळू शकत होते. आपल्याकडे सर्व संस्थांना खुली असलेली अशी एकच खिडकी नाही. पैसा आहे, पण महिला-बालविकास, ग्रंथालय, खासदार निधी अशा वेगवेगळ्या नावांखाली विखुरलेला. मात्र त्या योजनेतली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: प्रत्येक जागेची पाहणी आधी, मागणी नंतर.

पायरी 1: धोका कागदावर उतरवा

बहुतेक अर्ज इथेच पडतात. ‘परिसर असुरक्षित असून सीसीटीव्हीची नितांत गरज आहे’ या वाक्याने कोणताही अधिकारी हलत नाही. एकदा दिवसा आणि एकदा रात्री संस्थेभोवती फिरा. मागची भिंत किती फूट, कुठला दिवा बंद, कुठल्या दाराला आतून कडी नाही, पाहुण्यांची नोंद कोण ठेवतं, हे लिहून काढा. मग तीन रकाने करा: धोका, कच्ची जागा, उपाय. ‘रात्री अनोळखी माणसं फाटकाशी येऊन राहणाऱ्या बायकांची चौकशी करतात, फाटक आरपार दिसणारं, वॉचमनची खोली लांब, उपाय म्हणजे बंद पत्र्याचं फाटक, व्हिडिओ डोअरफोन, दोन दिवे.’ एवढं नेमकं लिहिलं की मागणी आपोआप पटते.

घडलेल्या घटनांची तारीखवार यादी जोडा. धमकीचं पत्र, दगडफेक, चोरी जे काही झालं असेल ते, तक्रारीच्या नोंदीसह. आपल्याकडे भिडेखातर तक्रारच न देण्याची सवय आहे, ती इथे महागात पडते. पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना सुरक्षा पाहणीसाठी लेखी विनंती करा आणि पोच घ्या. पाहणीचा लेखी अभिप्राय मिळाला तर उत्तमच; नाही मिळाला तरी विनंतीची पोच अर्जाला लावता येते.

पायरी 2: संस्थेची कागदपत्रं

नोंदणी प्रमाणपत्र, तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, 12-ए आणि 80-जी (संस्थेच्या आणि देणगीदारांच्या प्राप्तिकर सवलतीच्या नोंदण्या), नीती आयोगाच्या दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणी पोर्टलचा क्रमांक, जागेचा पुरावा. जागा भाड्याची असेल तर मालकाचं संमतिपत्रही. खरी अडचण असते बदल अर्जाची, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद धर्मादाय कार्यालयात करून घेण्याची. धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्टावर अजून दिवंगत विश्वस्तांचीच नावं असतील, तर ठरावावर सही कुणाची धरायची? ते प्रकरण आधी मार्गी लावा.

पायरी 3: मागणीची योग्य दारं शोधा

बालगृह असेल तर मिशन वात्सल्य, महिलांचं निवासगृह असेल तर मिशन शक्तीतलं शक्ती सदन. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांना भेटा. राज्याचं आयुक्तालयही पुण्यातच आहे. आधीच अनुदान घेत असाल तर सुरक्षेच्या कामाची मागणी त्याच प्रस्तावात बसते का, हे पहिल्यांदा विचारा. सार्वजनिक ग्रंथालयांसाठी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत.

खासदार निधी वर्षाला 5 कोटींचा असतो. खासदार फक्त शिफारस करतात. मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाकडे असते आणि पैसे तुमच्या खात्यात येत नाहीत, काम करणाऱ्या यंत्रणेकडे जातात. टिकाऊ कामंच चालतात, पगार चालत नाहीत. प्रार्थनास्थळांच्या आतली कामंही वर्ज्य. त्यामुळे देवस्थानं, मशिदी, चर्च यांनी रस्त्यावरच्या दिव्यांसाठी महापालिकेकडे आणि गस्तीसाठी पोलिसांकडे मागणी करावी, आतला खर्च देणग्यांतून भागवावा.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांचा समाजकार्याचा निधी, हा सरकारी पैसा नव्हे, पण मोठ्या कंपन्यांनी नफ्यातले 2 टक्के अशा कामावर खर्च करावेत या कंपनी कायद्यातल्या नियमामुळेच तो निघतो. चाकण-हिंजवडीच्या कंपन्यांकडे जाण्यापूर्वी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्या.

पायरी 4: अंदाजपत्रक

तीन दरपत्रकं, तिन्ही एकाच तपशिलाची, जीएसटी धरून. एकदाच होणारा खर्च आणि दरवर्षीचा खर्च वेगळे दाखवा. रखवालदाराचा पगार आणि कॅमेऱ्यांचा देखभाल करार कोण भरणार, हे आधीच ठरावात लिहा. तीन वर्षांनी नुसते भिंतीवर लटकणारे कॅमेरे गावात कमी नाहीत. एप्रिल 2025 पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना केंद्राची सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे, तेव्हा दरपत्रकातच प्रमाणपत्र मागा. आधारगृहात आणि वसतिगृहात कॅमेरे फाटक, जिना, व्हरांडा इथेच; राहत्या खोल्यांत नको. आग हाही धोकाच. राज्याच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे ‘ब’ नमुना, म्हणजे आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो, तो भरलेला असू द्या.

पायरी 5: अर्ज द्या, मागे लागा

प्रत्येक कागदावर आवक क्रमांक घ्या. फेब्रुवारीत अर्ज देऊ नका. मार्चअखेरच्या धांदलीत नवा प्रस्ताव वाचायला कुणाला वेळ नसतो. जून-जुलैत दिलेल्या अर्जाला पाठपुराव्यासाठी मार्चपर्यंतचा वेळ मिळतो. आमच्या मते एकच विश्वस्त नेमून त्यालाच दर वेळी पाठवावं, म्हणजे टेबलावरचा माणूस ओळखीचा होतो.

पायरी 6: पैसे आल्यावर

वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवा, बिलं आणि कामाआधीचे-नंतरचे फोटो एकाच फाईलला लावा, पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचं, सनदी लेखापालांच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र मुदतीत द्या. ते थकलं तर त्याच कार्यालयातून दुसरा हप्ता सुटत नाही.