इम्प्लांटवरच्या खालच्या कवळीसाठी अटॅचमेंट कशी निवडावी

खालच्या कवळीला टाळूचा आधार नसतो आणि जीभ तिला सतत हलवत राहते. म्हणूनच हनुवटीच्या भागात दोन इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेले स्क्रूसारखे खुंट, बसवून त्यांवर कवळी अडकवणे, हा कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी केलेल्या 2002 च्या सहमतीपत्रकात दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी पहिला पर्याय ठरवण्यात आला. ती कशाने अडकवायची, म्हणजे इम्प्लांट आणि कवळी यांना जोडणारी अटॅचमेंट कोणती, हे शस्त्रक्रियेआधीच ठरलेले बरे.

प्रथम हिरडीपासून कवळीच्या दातांपर्यंतची उभी जागा डॉक्टरांकडून मोजून घ्यावी. लोकेटरला (बसक्या बटणासारखी जोडणी) सर्वांत कमी जागा पुरते, बॉलला (इम्प्लांटवरचे गोल टोक) त्याहून जास्त आणि बारला (इम्प्लांटना जोडणारी धातूची दांडी) सर्वाधिक लागते. जागा अपुरी असताना बार बसवल्यास वरचे अ‍ॅक्रिलिक (कवळीचे प्लास्टिक) पातळ राहून कवळी मोडते. त्यानंतर इम्प्लांटचा कल पाहावा. बॉल आणि त्याला पकडणाऱ्या ओ-रिंगची (रबरी कडीची) रचना साधी व तुलनेने स्वस्त आहे, पण इम्प्लांट समांतर नसतील तर रिंग लवकर झिजते. लोकेटरमध्ये खास नायलॉन इन्सर्ट (कवळीत बसणारा, पकड देणारा छोटा भाग) वापरून दोन इम्प्लांटमधला 40 अंशांपर्यंतचा फरक सांभाळता येतो. बार इम्प्लांटना एकत्र जोडतो खरा, परंतु जबडा पुढे निमुळता असेल तर सरळ बार जिभेच्या जागेत येतो, शिवाय त्याच्याखाली रोज बारीक ब्रश फिरवला नाही तर हिरडी सुजते.

चौथा पर्याय चुंबकाचा. त्याची पकड कमी असते आणि लाळेने ते गंजू शकते. तरीही संधिवाताने किंवा कंपवाताने हात साथ देत नसतील, तर कवळी सहज काढता-घालता येते म्हणून त्याचा विचार जरूर करावा. एमआरआयच्या वेळी मात्र त्याची आठवण करून द्यावी.

मुंबईत मुलाकडे राहून इम्प्लांट बसवायचे आणि मग देवगडला किंवा गुहागरला परतायचे, असा बेत असेल, तर माझे मत लोकेटरकडे झुकते, कारण त्याचे झिजलेले इन्सर्ट दवाखान्यातच थोड्या वेळात बदलता येतात. इम्प्लांटची कंपनी, मापे आणि इन्सर्टचा रंग लिहून घ्यावा व गावाजवळच्या डॉक्टरांकडे इन्सर्ट बदलण्याचे अवजार आहे का, हे आधी विचारावे. सुरुवात निळ्या, म्हणजे हलक्या पकडीच्या इन्सर्टने करावी. गुलाबी आणि पांढरे त्याहून घट्ट असतात. लोकेटरच्या खळग्यात भाताचे शीत अडकले तरी कवळी नीट बसत नाही, म्हणून जेवणानंतर तो ब्रशने साफ करावा आणि कवळी चावून नव्हे, तर बोटांनी दाबून बसवावी.