काम नेमके कुठे अडते? बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलामुलींना रोजची कामे शिकवताना

तपासणीचा अहवाल हाती आला की पालकांची नजर आधी बुद्ध्यांकाच्या आकड्यावर जाते. निदानाला त्या आकड्याची गरज असते आणि सुमारे ७० किंवा त्याखालचा बुद्ध्यांक ही त्याची ढोबळ मर्यादा मानली जाते. मात्र मुलगी उद्या सकाळी स्वतःचे दप्तर स्वतः भरू शकेल की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेनेही अक्षमतेची तीव्रता बुद्ध्यांकावरून न ठरवता दैनंदिन व्यवहारातील कौशल्यांवरून ठरवावी, अशी भूमिका घेतली. म्हणून शिकवायला बसण्याआधी तीनचार दिवस केवळ निरीक्षणासाठी राखून ठेवावेत. या दिवसांत मदत करू नये, टोकू नये. काम कोणत्या क्षणी अडते तेवढेच वहीत लिहावे.

दप्तराचेच उदाहरण घेऊ. सोळा वर्षांची मुलगी वेळापत्रक पाहते, गणिताची वही आणायला कपाटाकडे जाते आणि तिथे पोहोचल्यावर रंगीत पेनांचा डबा उघडून बसते. घरातले म्हणतात, ‘लक्षच नाही.’ पण हाच प्रसंग दोन वेगळ्या कारणांनी घडू शकतो. कपाटापर्यंत जाईतो काय आणायचे होते तेच मनातून निसटले असेल, तर अडचण तात्पुरत्या स्मरणात आहे. वही आठवत असूनही डबा दिसताच हात आवरला नाही, तर अडचण स्वतःला थांबवण्यात आहे. कारण ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे वहीचे चित्र तिच्या हातात देऊन पाठवणे. चित्र असताना ती बिनचूक वही आणत असेल, तर स्मरणाला आधार हवा आहे. चित्र हातात असूनही ती डब्याशीच थांबत असेल, तर डबा नजरेआड ठेवावा आणि कपाटात त्या दिवशी लागणाऱ्या वस्तूच समोर राहतील असे पाहावे. रोजचे सगळे नीट जमते, पण वेळापत्रक बदलले की ती कालचेच दप्तर भरते, असे दिसले तर अडचण बदल स्वीकारण्याची आहे. अशा वेळी बदललेला तास आदल्या संध्याकाळीच तिच्या हाताने वेळापत्रकावर चिकटवून घ्यावा.

यानंतर कामाचे टप्पे पाडावेत. ‘दप्तर भर’ हे आपल्याला एक काम वाटते, परंतु ते स्वतः करून, प्रत्येक हालचाल लिहून पाहिल्यास त्यात आठदहा कामे दडलेली आढळतात. शिकवताना पुष्कळदा शेवटून सुरुवात करणे सोयीचे ठरते: सगळे दप्तर आपण भरायचे आणि शेवटची चेन तिने लावायची, ते पक्के झाले की जेवणाचा डबा ठेवणे आणि चेन लावणे हे दोन्ही तिच्याकडे द्यायचे, आणि असे एकेक पाऊल मागे सरकायचे. यात प्रत्येक वेळी काम तिच्याच हातून पुरे होते, हा मोठा फायदा आहे. सुरुवातीपासून शिकवताना पहिले दोन टप्पे तिने करायचे आणि उरलेले आपण उरकायचे, असे होऊन बसते.

मदत कमी कशी करायची, हा खरा कसोटीचा भाग आहे. टप्पा आला की आधी मनात दहा आकडे मोजत थांबावे. विचार करायला लागणारा वेळ आपल्याला नकार वाटतो आणि आपण घाईने मध्ये पडतो. तरीही ती अडली तर वस्तूकडे बोट दाखवावे, मग थोडक्यात सांगावे, मग करून दाखवावे आणि हात धरून करवून घेणे शेवटी ठेवावे, तेही तिला विचारून. माझ्या मते सर्वांत चिवट मदत हाताची नसून तोंडाची असते. ‘आता वही, आता डबा’ असे सांगत राहिलो की मुलगी वेळापत्रकाऐवजी आपल्या आवाजावर चालते, आणि आपण गप्प बसलो की तीही थांबते. (गप्प राहण्याचा सराव मुलांपेक्षा मोठ्यांनाच अधिक करावा लागतो.) सांगायचेच असेल तर एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि काय करू नये यापेक्षा काय करावे ते सांगावे. डाउन सिंड्रोम (जादा गुणसूत्रामुळे जन्मतः असणारी स्थिती) असलेल्या अनेक मुलांना ऐकलेले लक्षात ठेवण्यापेक्षा पाहिलेले लक्षात ठेवणे सोपे जाते. त्यांच्यासाठी कामाचे टप्पे क्रमाने दाखवणारी चित्रांची पट्टी लांबलचक सूचनांपेक्षा अधिक उपयोगी पडते. मुलगी सोळा वर्षांची असेल तर पट्टीवर बालवाडीतली कार्टून नकोत; तिच्याच वस्तूंचे फोटो लावावेत आणि कोणते फोटो घ्यायचे हे तिला ठरवू द्यावे.

स्मरणशक्ती वाढवणारे म्हणून मिळणारे मोबाइलवरील खेळ करमणुकीपुरते ठीक आहेत. त्यांतून मुख्यतः त्या खेळातली गती वाढते. ती दप्तरापर्यंत आपोआप पोहोचेल असे गृहीत धरू नये. जे काम यायला हवे तेच काम, ते जिथे करायचे तिथे आणि त्याच वेळी करवून घ्यावे. शाळेत जमलेले घरी जमेलच असे नसते, त्यामुळे तेच काम दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या माणसासोबत, दुसऱ्या पिशवीने करण्याचा सराव वेगळा द्यावा लागतो.

रोज कोणता टप्पा मदतीशिवाय झाला, याची खूण वहीत करावी. दोन आठवड्यांत एखादा टप्पा पुढे सरकला नाही तर तो आणखी लहान करावा. मात्र पक्के जमणारे काम अचानक सुटू लागले, तर त्याला आळस म्हणण्याआधी झोप, दृष्टी, श्रवण, एखादे दुखणे किंवा मनावरचा ताण यांची तपासणी करून घ्यावी. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचे विकार अधिक आढळतात, तेही डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

चित्रांची पट्टी कधी काढायची, असे पालक हमखास विचारतात. ती काढलीच पाहिजे असे नाही. आपणही खरेदीची यादी खिशात ठेवतोच. पट्टी प्लास्टिकच्या पाकिटात घालून दप्तराच्या झाकणाला आतून लावावी आणि फाटली की बदलावी.