आई-वडिलांच्या सांभाळाची तजवीज: बक्षीसपत्रापासून प्रांत कार्यालयापर्यंत

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस पालटणे, त्याला न्हाऊ घालणे, वेळच्या वेळी औषध देणे हे काम वर्षानुवर्षे चालते आणि ते घरातच होते. शासनाच्या मोठ्या योजना मात्र रुग्णालयातल्या दिवसांभोवती फिरतात. ७० वर्षे व त्यावरील कोणाही नागरिकाला आयुष्मान वय वंदना कार्डावर, उत्पन्नाची अट न लावता, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. पण रुग्ण घरी आणल्यावर त्याच्यापाशी दिवसरात्र थांबणाऱ्या बाईचा पगार त्यात बसत नाही. म्हणून खान्देशातल्या शेतकरी कुटुंबात म्हातारपणाचा खरा विमा म्हणजे सातबारा, आणि नेमका तोच बरेच जण हातपाय चालते असतानाच मुलांच्या नावे करून मोकळे होतात.

तजवीज तिथूनच सुरू करावी. महाराष्ट्रात शेतजमीन किंवा राहते घर मुलाला, मुलीला वा नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते (इतर आकार वेगळे), त्यामुळे दस्त झटपट होतो. दस्तलेखक छापील नमुन्यातले ‘प्रेमापोटी व आपुलकीने’ हे शब्द उतरवतो, सांभाळाची अट लिहायची राहते आणि पुढची अडचण तिथेच पेरली जाते. माता-पिता व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ असे सांगते, की मूलभूत गरजा पुरवण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर देणाऱ्याच्या मागणीवरून न्यायाधिकरण (या कायद्याखाली प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे चालणारे) तो व्यवहार रद्द ठरवू शकते. अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असे म्हटले खरे, परंतु त्या उदारतेवर विसंबून दस्त कोरा ठेवणे शहाणपणाचे नाही.

दस्तात साध्या शब्दांत असे लिहून घ्यावे (‘लिहून देणार’ म्हणजे मालमत्ता देणारा, ‘लिहून घेणार’ म्हणजे ती घेणारा): ‘लिहून घेणार हे लिहून देणार यांस व त्यांच्या पत्नीस हयातभर राहण्यास जागा, अन्न, वस्त्र, औषधोपचार आणि आजारपणात शुश्रूषा देतील, न दिल्यास हे बक्षीसपत्र रद्द करून मागण्याचा अधिकार लिहून देणार यांना राहील.’ पत्नीचा उल्लेख विसरू नये, कारण जमीन बहुधा एकट्या पुरुषाच्या नावे असते आणि त्याच्यामागे उरणारी बाई दस्तात कुठेच नसते. माझे स्वतःचे मत विचाराल तर बक्षीसपत्र करूच नये. दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावे, त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही आणि हयातीत ते केव्हाही बदलता येते. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलांचा हक्क आधीच असतो, तेव्हा वाटणीपत्रापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. सातपुड्यातल्या वनपट्ट्यांचा प्रकार वेगळा आहे: वनहक्क कायद्यानुसार तो पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे असतो, वारसांकडे जातो, पण कोणाला देता वा विकता येत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडील ज्येष्ठांना म्हणूनच पुढचा मार्ग अधिक उपयोगाचा आहे.

तो मार्ग म्हणजे याच २००७ च्या कायद्याखाली मुलांकडून दरमहा खर्च मागणारा चरितार्थाचा अर्ज. ६० वर्षे पूर्ण झालेल्या आणि स्वतःच्या मिळकतीतून निर्वाह न होणाऱ्या व्यक्तीने तो आपल्या भागातील उपविभागीय अधिकाऱ्याकडे, म्हणजे अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर, शहादा किंवा तळोदा अशा ठिकाणच्या प्रांत कार्यालयात द्यावा. आई-वडिलांना मात्र वयाची अट नाही. मुलगा सुरतेला राहतो म्हणून सुरतेला जावे लागत नाही. अर्जदार राहतो त्या जिल्ह्यात अर्ज चालतो. स्वतःला जाणे शक्य नसेल तर अधिकृत केलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि वकील नेमण्याची गरज नाही. मुलगी आणि सज्ञान नातवंडेही कायद्याने जबाबदार आहेत, सून मात्र त्या व्याख्येत नाही. अपत्य नसेल तर ज्याच्याकडे मालमत्ता आहे किंवा वारशाने येणार आहे त्या नातेवाइकाविरुद्ध, उदाहरणार्थ पुतण्याविरुद्ध, अर्ज करता येतो.

अर्जात नुसते ‘मुलगा बघत नाही’ असे लिहून भागत नाही. औषधे, डायपर, व्यायाम करवून घेणाऱ्याची फी, मदतनिसाचा पगार असा महिन्याचा खर्च रकमांसह लिहावा, जमतील तेवढ्या पावत्या जोडाव्यात आणि अंतरिम रक्कमही मागावी. प्रकरण आधी समेटासाठी पाठवले जाऊ शकते. गावातल्या गावात तोडगा निघाला तर उत्तमच, पण तो लेखी करून घ्यावा. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असतो, अपवादात्मक कारणाने आणखी ३० दिवस. महिन्याला कमाल १०,००० रुपये मंजूर होतात, आणि पूर्णवेळ माणूस ठेवायचा तर ही रक्कम तोकडी आहे. ही मर्यादा काढून टाकणारे आणि घरपोच शुश्रूषा सेवेला नियमांत आणणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले होते, परंतु त्या सभागृहाच्या मुदतीबरोबर तेही संपले.

आदेश हाती आल्यावर खबरदारी हवी ती वसुलीची. रक्कम थकली तर देय तारखेपासून ३ महिन्यांच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. लाजेखातर वर्षभर गप्प बसलेल्या बापाला आधीच्या महिन्यांची रक्कम वॉरंटने वसूल करून मिळत नाही. रक्कम रोख न घेता बँक खात्यावरच घ्यावी, म्हणजे थकबाकीचा पुरावा आपोआप तयार होतो.

बाकीच्या योजना जोडीला ठेवाव्यात. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील आणि २१,००० रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत द्यावा आणि हयातीचा दाखला दरवर्षी न चुकता द्यावा. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, २ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना चष्मा, काठी, कमोड खुर्ची यांसारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये दिले जातात. प्रांत कार्यालयात कोणाला भेटायचे, अर्ज कसा लिहायचा हे विचारण्यासाठी १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत मदतवाहिनीवर सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत बोलता येते.