ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीवर सुंठेचा लेप आणि तेलाची मालिश

कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखी, दोन्ही बाजूंना सारखीच जाणवणारी आणि मान-खांदे ताठरल्यावर बळावणारी डोकेदुखी बहुधा ताणाची असते. ती अर्ध्या तासापासून काही दिवसांपर्यंत राहू शकते, परंतु तीत उलट्या होत नाहीत आणि जिना चढल्याने ती वाढत नाही. ठणकणारी, मळमळ आणणारी अर्धशिशी निराळी. पुढील उपाय तिच्यासाठी नाहीत.

घरोघरी चालत आलेला उपाय म्हणजे सुंठेचा लेप. सहाणेवर पाण्याचे काही थेंब घेऊन सुंठेचा तुकडा गोलाकार उगाळावा आणि दाटसर गंध झाले की ते पळीत घेऊन मंद आचेवर कोमट करावे. सहाण नसल्यास सुंठपूड वापरता येते, मात्र ती वस्त्रगाळ असावी, कारण भरड पूड त्वचेला टोचते. प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस थोडा लेप लावून पाहावा. तेथे पुरळ उठले नाही किंवा फार आग झाली नाही, तरच कपाळावर पातळ थर द्यावा. डोळे व भुवया टाळाव्यात. सुंठेतील तिखट घटक उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतात, म्हणून ऊब आणि किंचित चुणचुण जाणवते. दहा-पंधरा मिनिटांत, लेप कडक वाळण्यापूर्वीच, तो ओल्या फडक्याने पुसावा. काही घरांत यात वेखंडही उगाळतात. ते पोटात मुळीच घेऊ नये, आणि माझ्या मते नुसती सुंठ पुरेशी आहे.

दुखणे मानेतून वर चढत असेल, तर केवळ कपाळावर उपचार करून भागत नाही. अशा वेळी मला मालिश अधिक मोलाची वाटते. कोमट तिळाचे तेल बोटांना लावून कवटीच्या खालच्या कडेपासून खांद्यांपर्यंत हळूहळू दाबत यावे. गाठ लागेल तेथे क्षणभर थांबावे, रगडू नये.

पुदिन्याच्या कुळातील पेपरमिंटच्या तेलाला संशोधनाचाही आधार आहे: जर्मनीत १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कपाळावर व कानशिलांवर लावलेल्या १० टक्के द्रावणाचा परिणाम पॅरासिटामॉलच्या जवळपास आढळला. घरी चमचाभर खोबरेल तेलात या तेलाचे दोन-तीन थेंब मिसळून कानशिलांवर लावावेत. लहान मुलांच्या चेहऱ्याजवळ ते नेऊ नये, कारण त्यांचा श्वास अडखळू शकतो.

जेवण चुकले असेल, पाणी कमी प्यायले असेल किंवा झोप अपुरी असेल, तर आधी ती उणीव भरून काढावी. आले आणि गवती चहा उकळून केलेले गरम पाणी सावकाश प्यावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी आले औषध म्हणून अधिक प्रमाणात घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

डोकेदुखी एकाएकी आणि असह्य उठली, तापाबरोबर मान आखडली, हातपाय लुळे पडले, बोलणे अडखळले, दिसण्यात फरक पडला, डोक्याला मार लागला किंवा पन्नाशीनंतर प्रथमच असे दुखू लागले, तर लेप लावत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस साध्या वेदनाशामक गोळ्या घ्याव्या लागत असतील, तर त्या गोळ्यांमुळेही डोके दुखत राहू शकते, म्हणून डॉक्टरांशी बोलून त्या कमी कराव्यात.